बारा सोमवारांच्या चिप्स

इंग्लंडमधल्या पबाचा सोमवार म्हणजे आपल्याकडच्या मंगल कार्यालयाचा पितृपक्ष. शनिवारी जिथे पाय ठेवायला जागा नव्हती, तिथे कोपऱ्यात दोन म्हातारे, त्यांच्या पायाशी एक कुत्रं आणि भिंतीला टेकून स्वतःशीच दिवे लुकलुकवणारं फ्रूट मशीन, म्हणजे नाणी टाकून खेळायचं जुगाराचं यंत्र. ही रिकामी संध्याकाळ भरून काढायला पबमालकांनी क्विझ ठेवल्या, डार्टचे संघ पोसले आणि २००० नंतरच्या दशकात पोकरच्या लीगही सुरू केल्या. बारा आठवडे, दर सोमवारी साडेसातला, प्रवेश फुकट. तेराव्या सोमवारी अंतिम फेरी, की हंगाम संपला.

बाराव्या आणि तेराव्या सोमवारच्या मधले सात दिवस मला या सगळ्यात फार मोलाचे वाटतात. त्या दिवसांत कुणीतरी एकजण घरी जेवणाच्या टेबलावर वही, कॅल्क्युलेटर आणि चिप्सच्या, म्हणजे पैशांऐवजी खेळायच्या चकत्यांच्या, पेट्या घेऊन बसतो आणि एक अवघड हिशेब सोडवतो. बारा आठवडे पावसापाण्यात न चुकता आलेल्या माणसाला शेवटच्या रात्री त्याबद्दल नेमकं किती द्यायचं?

पबात पोकर आलं ते टीव्हीवरून. १९९९ मध्ये चॅनल फोरने टेबलाखाली कॅमेरे बसवून खेळाडूंच्या हातातली पानं प्रेक्षकांना दाखवली. त्याआधी टीव्हीवर पोकर बघणं म्हणजे गप्प बसलेल्या माणसांकडे बघत बसणं होतं. कोण थापा मारतंय हे कळायला लागल्यावर लोक सोफ्यावरून सल्ले द्यायला लागले. मग २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर नावाच्या अमेरिकन हिशेबनिसाने ऑनलाइन स्पर्धेतून जागा मिळवून लास व्हेगासची जागतिक स्पर्धा आणि २५ लाख डॉलर जिंकले, आणि प्रत्येक गल्लीतल्या हिशेबनिसाला आपणही कमी नाही असं वाटू लागलं.

मराठी वाचकाला हा खेळ अर्धा ओळखीचा असतो, आणि खरी पंचाईत त्या अर्ध्याचीच होते. तीन पत्तीचा पूर्वज मानला जातो तो ब्रॅग हा खेळ मूळचा ब्रिटनमधलाच. तिथल्या जुन्या पबात थ्री कार्ड ब्रॅग खेळणारे आजही भेटतात. न बघता खेळणाऱ्याने निम्मे पैसे लावायचे, ही रीतही दोन्हीकडे सारखी. फरक एवढाच की तीन एक्के आपल्याकडे सर्वांत मोठे, ब्रॅगमध्ये मात्र तीन तिऱ्या त्यांच्या डोक्यावर बसतात. पण दिवाळीत तीन पत्ती खेळून तयार झालेला माणूस पोकरच्या टेबलावर आला की दोन ठिकाणी हमखास अडखळतो. पहिलं म्हणजे ‘ब्लाइंड’. इथे त्याचा पानं न बघण्याशी काही संबंध नाही. डीलरच्या बटणाच्या (पानं वाटायची पाळी कुणाची हे दाखवणाऱ्या फिरत्या चकतीच्या) डावीकडच्या दोघांनी पानं मिळण्याआधी सक्तीने लावायच्या रकमेला ब्लाइंड म्हणतात, एक लहान आणि एक मोठा. दुसरं म्हणजे क्रम. तीन पानांत सीक्वेन्स (ओळीतली पानं) कलरला (एकाच रंगाची पानं) हरवतो, पाच पानांत उलटं. हे लहरीवर ठरलेलं नाही. तीन पानांचे नुसते कलर १,०९६ प्रकारे पडतात आणि सीक्वेन्स ७२० प्रकारे. पाच पानांत कलर ५,१०८ आणि सीक्वेन्स १०,२००. जे दुर्मीळ ते मोठं.

पैशांचा भाग कायद्याने फार छोटा करून ठेवला आहे. ब्रिटनचा २००५चा जुगार कायदा सप्टेंबर २००७ पासून पूर्ण लागू झाला. दारूचा परवाना असलेल्या पबात पोकरच्या एका खेळाला माणशी जास्तीत जास्त ५ पौंड लावता येतात, दिवसभरात त्या जागेत सगळ्यांचे मिळून १०० पौंड, आणि बक्षीसही १०० पौंडांच्या वर नाही. प्रवेशशुल्क घ्यायचं नाही, जमलेल्या पैशांतून एक पेनीही कापायची नाही, अठराच्या आतल्याला बसवायचं नाही. क्रिबेज आणि डॉमिनोज या आजोबांच्या खेळांना मात्र रकमेची ही मर्यादा नाही. म्हाताऱ्यांवर संसदेचा विश्वास दिसतो. नव्या आयोजकाची इथे साधी चूक होते. तीस माणसं आणि माणशी ५ पौंड म्हणजे १५० होतात, मर्यादा तर शंभरची. तीसजण असतील तर पूर्ण पौंडांत ३च्या वर जाता येत नाही. करंडकाचा खर्चही त्यातून काढता येत नाही, तो पबमालकाने करायचा. म्हणून बहुतेक लीग पैसे ठेवतच नाहीत. मोठ्या प्रमाणावर लीग चालवणाऱ्या कंपन्या आपलं शुल्क पबाकडून घेतात, आणि पब ते बियरच्या आणि चिकन विंग्जच्या विक्रीतून भरून काढतो. पणजीला मांडवीतल्या जहाजांवरचं पोकर याच्या नेमकं उलट्या टोकाला: तिथे आत पाऊल टाकायचेच पैसे पडतात.

पैसे नसले की गुण येतात, आणि गुण आले की भांडण येतं.

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे आलेल्यांच्या संख्येतून आपला क्रमांक वजा करून एक मिळवायचा. तीसजणांत पहिला आला तर ३०, शेवटचा आला तर १. पोराटोरांनाही समजते, म्हणून सगळीकडे हीच सुरू होते आणि चौथ्या आठवड्यापर्यंत तिच्यातली खोच बाहेर पडते. तीसजणांत एकोणिसाव्या आलेल्याला १२ गुण मिळतात. पावसाच्या रात्री बाराच माणसं आली आणि एखादा अगदी शेवटपर्यंत टिकून दुसरा आला, तर त्याला ११. ज्याने साडेतीन तास डोकं लावलं तो, नऊ वाजता बाहेर पडून डार्ट खेळत बसलेल्याच्या मागे.

यावर जुना आणि चांगला उतारा वर्गमुळाचा आहे. आलेल्यांची संख्या भागिले क्रमांक, त्याचं वर्गमूळ, गुणिले दहा. तीसजणांत पहिल्याला ५४.८, दुसऱ्याला ३८.७, नवव्याला १८.३ आणि शेवटच्याला बरोबर १०. वरच्या उदाहरणातला एकोणिसावा १२.६ वर थांबतो आणि बारातला दुसरा २४.५ घेऊन जातो. शेवटचा आला तरी दहा मिळतात हे या सूत्राचं मला सर्वांत आवडणारं अंग. दार उघडून आत आल्याचे दहा.

बारापैकी उत्तम आठ आठवडे धरायची पद्धत बहुतेक ठिकाणी असते, कारण माणसाला आजारपण आहे, रात्रपाळी आहे, मुलांच्या शाळेतली नाटकं आहेत. पण त्याने शेवटच्या तीन-चार आठवड्यांचा नूर बदलतो. ज्याचे आठ चांगले आकडे आधीच जमलेत त्याच्या नव्या आकड्याला अर्थ तेव्हाच, जेव्हा तो आठांतल्या सर्वांत लहानाला मागे टाकेल. अशा माणसाला विसाव्या क्रमांकाचा काही उपयोग नसतो, त्यामुळे तो पहिल्या अर्ध्या तासात बेधडक ऑल-इन करतो, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम लावतो: जिंकला तर डोंगर, हरला तर घर. त्याच टेबलावर तीसजणांच्या अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर, एकतिसाव्या जागी अडकलेला कुणीतरी एकेक चिप जपत बसलेला असतो. एकच डाव, पण दोघं दोन वेगळे खेळ खेळत असतात. आणि याच आठवड्यांत मित्राला मुद्दाम चिप्स सोडण्याचा प्रकार होतो. पकडायला कठीण, पण लक्षण ठरलेलं: मोठी रक्कम लावायची आणि किरकोळ उलट वाढीला पानं टाकून द्यायची. जागा दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून ठरवणं हाच त्यावर निम्मा इलाज आहे. उरलेला निम्मा म्हणजे टेबलावरच्या इतरांचे डोळे.

आता ते सात दिवस. पद्धत अशी की साप्ताहिक गुणांचं अंतिम फेरीच्या चिप्समध्ये रूपांतर करायचं. तीसजण पात्र ठरलेत असं धरू. प्रत्येकाला पायाच्या ४,००० चिप्स, आणि दर गुणाला १५ चिप्स, पुढच्या ५००च्या पटीत पूर्ण करून. २६० गुणांच्या पहिल्या माणसाला ३,९०० म्हणजे ४,००० जादा, एकूण ८,०००. ६० गुणांवर धापा टाकत पोचलेल्याला ९०० म्हणजे १,०००, एकूण ५,०००. सरासरी ६,००० धरली तर टेबलांवर मिळून १,८०,०००.

आता कॅल्क्युलेटर बाजूला ठेवण्याआधी आणखी एक भागाकार करावा. सगळे सारख्या कुवतीचे असतील तर स्पर्धा जिंकण्याची शक्यता हातातल्या चिप्सच्या प्रमाणात असते. सर्वांना सारख्या चिप्स दिल्या असत्या तर प्रत्येकाला शंभरात ३.३ संधी. ८,००० वाल्याला ४.४. बारा सोमवारांच्या मेहनतीची कमाई एवढीच: तीसात एकच्या जागी बावीस-तेवीसात एक. हे ऐकून गुणतक्त्यात पहिला असलेला माणूस नेहमी दुखावतो, आणि दुखावण्यात त्याची चूक नाही. मग आयोजक दर गुणाला ४० चिप्स देऊन पाहतो. पहिल्याला १४,५००, शेवटच्याला ६,५००. त्याबरोबर तळातले दहाजण “हे आधीच ठरलंय की” म्हणत अंतिम फेरीलाच फिरकत नाहीत, आणि सजवलेल्या पबात तीन टेबलांऐवजी दोनच भरतात. पहिल्याच्या चिप्स शेवटच्याच्या दुपटीच्या वर जाऊ नयेत, असं माझं मत. आणि करंडक दोन ठेवावेत. तक्त्यात पहिला आलेल्याचा वेगळा, तो तेराव्या सोमवारी, सर्वांसमोर, खेळ सुरू व्हायच्या आधी द्यावा. अंतिम रात्रीचा वेगळा. हजेरी आणि नशीब यांना एकाच कपात ओतलं की दोन्हींची चव जाते.

चिप्सची मोजणी आठवडाभर आधी करावी, त्या रात्री नाही. पायाच्या ४,००० साठी २५च्या आठ, १००च्या आठ, ५००च्या दोन आणि १,०००च्या दोन: माणशी वीस, तीसजणांच्या सहाशे. जादा चिप्स फक्त ५०० आणि १,०००च्या द्याव्यात, सुट्ट्यांत नाही. नाहीतर पहिल्या क्रमांकाचा माणूस सगळ्या टेबलाचा वाणी होतो आणि दर डावाला मोड देत बसतो. ६०,००० जादा म्हणजे ५००च्या चाळीस आणि १,०००च्या चाळीस. झाल्या ६८०. बाजारात मिळणारी ५०० चिप्सची पेटी इथेच कमी पडते, आणि हे साडेसातला पाच कमी असताना कळलेले आयोजक कमी नाहीत.

ब्लाइंड ठरावीक वेळाने वाढवत नेतात, त्यातला एकेक टप्पा म्हणजे पायरी; हे वेळापत्रक शेवटाकडून मागे मोजायचं असतं. पबात अकराच्या सुमाराला शेवटच्या ऑर्डरची घंटा वाजते, त्यामुळे तोवर निकाल हवा. सगळ्या चिप्स मिळून वीस ते तीस मोठे ब्लाइंड भरतात तेव्हा स्पर्धा संपायला येते. १,८०,००० भागिले तीस म्हणजे ६,०००. तेव्हा अकराच्या आधीची पायरी ३,०००/६,००० (लहान ब्लाइंड/मोठा ब्लाइंड) असायला हवी. पंधरा मिनिटांची एक पायरी: २५/५०, ५०/१००, ७५/१५०, १००/२००, १५०/३००. इथे पावणेनऊ होतात, पंधरा मिनिटांची सुट्टी. नऊपासून २००/४००, ३००/६००, ४००/८००, ६००/१,२००, १,०००/२,०००, १,५००/३,०००, २,०००/४,००० आणि ३,०००/६,०००. अकरा वाजले. सुट्टी दहा मिनिटांची ठेवू नये. २००७ च्या धूम्रपानबंदीपासून सिगारेट ओढायला सगळे बाहेर जातात, आणि परत येताना बारवर थांबणं हा तर पबमालकाचा हक्कच आहे.

सुट्टी नेमकी पाचव्या पायरीनंतर घेण्यामागे कारण आहे. त्यानंतर कुठल्याच ब्लाइंडला २५ची चिप लागत नाही, तेव्हा त्या उचलून घ्यायच्या. टेबलांवर २५च्या २४० चिप्स आहेत, म्हणजे ६,०००. त्यांच्या बदल्यात १००च्या साठ जादा चिप्स हाताशी हव्यात. प्रत्येकाच्या चार-चारच्या गड्ड्या बदलून झाल्या की एक, दोन किंवा तीन उरतात. त्यांची शर्यत लावतात. उरलेल्या दर चिपेमागे एक पान, उघडं. बटणाच्या डावीकडून वाटायचं. सर्वांत मोठ्या पानाला १००ची चिप, मग त्याच्या खालच्याला, एकाला एकाहून जास्त नाही. पानं सारखी आली तर इस्पिक, बदाम, चौकट, किलवर हा क्रम. एरवी पोकरमध्ये रंगांत लहानमोठेपणा नसतो. इथे असतो, आणि ‘इस्पिक बदामाहून मोठं कसं?’ हा वाद दर हंगामात एकदा होतोच. शर्यतीत कुणी खेळातून बाद मात्र होत नाही. ज्याची शेवटची चिप जाईल त्याला १००ची एक द्यायची.

न आलेल्या माणसाचं काय करायचं हे आधी लिहून ठेवलं नाही तर गंमत होते. रीत अशी की त्याच्या चिप्स मांडायच्या आणि पाळी येईल तसे त्यातून ब्लाइंड काढायचे. पबात खेळाडूच पत्ते पिसतात आणि वाटतात, गप्पाही चालतात, त्यामुळे तासाला वीसेक डाव होतात, म्हणजे एका पायरीत पाच. आठजणांच्या टेबलावर ५,००० चिप्सचा मालक घरी झोपलेला असला तरी सुट्टीपर्यंत त्याचे साडेसातशेच जातात. नववी पायरी संपते तेव्हाही, दहा वाजता, त्याच्याकडे चौदाशे-साडेचौदाशे उरलेले असतात. तोवर हाडाचे, बारा आठवडे आलेले दहा-पंधराजण बाहेर पडून बारवर उभे राहिलेले असतात, आणि रिकामी खुर्ची त्यांच्या वरचा क्रमांक पटकावते. (पोकरमध्ये काहीच न करणं किती फायद्याचं आहे, हे शिकवायला याहून चांगला धडा नाही.) उपाय साधा आहे. सुट्टी संपेपर्यंत माणूस आला नाही तर त्याच्या चिप्स खेळातून काढून घ्यायच्या आणि एकूण रकमेतून वजा करून फळ्यावर लिहायच्या.

चिप्स सगळ्यांकडे वेगवेगळ्या असल्याने अंतिम रात्री बाजूचे पॉट (पॉट म्हणजे डावात मधे जमलेल्या चिप्स) फार होतात, आणि दोन बियरनंतर ते चुकतात. तिघांनी ऑल-इन केलं: एकाकडे २,३००, दुसऱ्याकडे ५,०००, तिसऱ्याकडे ९,०००. नेहमी सर्वांत लहानापासून सुरुवात करावी. प्रत्येकाकडून २,३०० घेतले, मुख्य पॉट ६,९००. त्यावर तिघांचा हक्क. मग दुसऱ्याकडचे उरलेले २,७०० आणि तिसऱ्याकडून तेवढेच, बाजूचा पॉट ५,४००, त्यावर दोघांचाच. तिसऱ्याचे ४,००० त्याला परत. निकाल लावताना मात्र उलटं जायचं, आधी बाजूचा पॉट आणि शेवटी मुख्य. सगळ्या चिप्स मधे ढकलून मग वाटायला घेतल्या की कुणाच्या किती होत्या हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. टेबलावरचं पाचवं, शेवटचं पान उघडायच्या आधी पॉट वेगळे करून ठेवावेत.

एक मोठी चिप न बोलता टाकली तर ती फक्त बरोबरी, वाढ नव्हे. हा नियम भिंतीवर लावावा, कारण कोऱ्या चेहऱ्याने १,०००ची चिप टाकून “मला वाढवायचं होतं” म्हणणारा प्रत्येक पबात एक असतो. तोंडाने बोललेलं बंधनकारक. पत्ते कागदी नकोत, प्लास्टिकचे घ्यावेत. कागदी पानाच्या कोपऱ्याला बियरचा एक थेंब लागला की ते पान पाठीमागूनही ओळखता येतं. प्लास्टिकची पानं कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन निघतात. टेबलामागे दोन रंगांचे दोन जोड ठेवावेत; एक वाटला जातो तोवर दुसरा पिसून होतो, आणि तासाला दोन-तीन डाव वाढतात.

दहानंतर खोलीचा आवाज बदलतो. बाहेर पडलेले घरी जात नाहीत, ग्लास घेऊन टेबलाभोवती उभे राहतात. दोघं उरतात तेव्हा पावणेअकरा झालेले असतात आणि पबमालक घड्याळाकडे बघायला लागतो. पैशांचा खेळ असता तर दोघांनी चिप्सच्या प्रमाणात वाटून घेतलं असतं. करंडक अर्धा करता येत नाही, विजेत्याला मिळणारी विभागीय फेरीतली जागाही नाही. इथे ब्लाइंडची पायरी ऐनवेळी पाच मिनिटांवर आणायचा मोह होतो, तो टाळावा. तक्ता आठवडाभर आधी भिंतीवर लावलेला असतो, आणि त्यातला बदल दोघांपैकी कुणा एकालाच फायद्याचा ठरतो, बहुधा ज्याच्याकडे चिप्स कमी आहेत त्याला. त्यापेक्षा गप्पा बंद करायला सांगावं. डाव आपोआप भराभर होतात.

मग टाळ्या, एक धूसर फोटो आणि खुर्च्या उलट्या टाकायला सुरुवात. चिप्स त्याच रात्री मोजाव्यात, सकाळी नाही. वीस-वीसचे मनोरे करून पेटीत लावायचे. १,००० आणि ५००च्या नेहमी बरोबर भरतात, कारण त्यांच्यावर सगळ्यांचं लक्ष असतं. पावणेनऊला उचलून पिशवीत टाकलेल्या २५च्या चिप्सचे बारा मनोरे व्हायला हवेत. अकरा होतात आणि बाराव्यात सतरा. उरलेल्या तीन भिंतीकडच्या बाकाच्या गादीच्या फटीत बघाव्यात. तिथे सापडल्या नाहीत तर पुढच्या हंगामाच्या पहिल्या सोमवारच्या आत पंचवीस जादा मागवून ठेवाव्यात.